डुकराची किडनी आणि गुरांचा डॉक्टर

औंध, पुणे

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला, आणि फोनवर बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावं असं वाटलं. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातली इंटर्नशिप संपली, आता डुकराचे अवयव माणसात बसवण्याच्या संशोधनात जायचंय, आणि त्यासाठी पशुवैद्यक सोडून जनुकशास्त्राकडे वळावं का, असं विचारतोयस. ‘यात गुरांच्या डॉक्टरला काय काम?’ हे वाक्य तुझं नाही, कुणीतरी तुझ्या डोक्यात घातलेलं आहे, एवढं मला कळतं. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. विषय धर, अगदी घट्ट धर. पण पशुवैद्यक सोडू नकोस. या कामात आजवर मिळालेला सगळ्यात महाग धडा जनावराच्या तपासणीचा आहे आणि ते आपलं काम आहे.

शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये मी तुमच्या बॅचला एका ट्रेमध्ये तीन किडन्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या होत्या. गाईची बाहेरून खंडाखंडांची, मध्ये खोल चिरा. शेळीची गुळगुळीत, पण उभी कापली की आत एकच शिखर. डुकराची बाहेरून गुळगुळीत, लांबट आणि जराशी चपटी. सुरी उभी फिरवून ती उघडली तर आत अनेक पिरॅमिड, आणि प्रत्येकाचं टोक आपापल्या पेल्यात उतरलेलं. माणसाच्या किडनीची आतली मांडणी अशीच असते. तेव्हा तू पुढे वाकून बराच वेळ बघत होतास. पुढच्याच आठवड्यात स्वाइन फीव्हरने मेलेलं एक डुक्कर आलं. त्याच्या किडनीवरचं पातळ आवरण चिमट्याने सोलल्यावर खाली टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके सगळीकडे पसरलेले होते. निरोगी आणि रोगी यातला फरक तुम्ही त्या दिवशी हातात धरून पाहिलात. जनुकांत बदल करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना ती संधी कधीच मिळत नाही. ते पेशींतून सुरुवात करतात, तू सबंध जनावरापासून केलीस.

दिसायला सारखी असली म्हणून डुकराची किडनी माणसात सारखी वागेल असं नाही. डुकराचं नेहमीचं तापमान 39 अंशांच्या आसपास असतं, ही गोष्ट आपण तिसऱ्या वर्षात पाठ करतो आणि विसरतो. त्या किडनीला माणसाच्या 37 अंशांत राहावं लागतं. तिच्यातलं रेनिन, म्हणजे रक्तदाब सांभाळणारं विकर, माणसाच्या रक्तातल्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनावर नीट काम करत नाही, त्यामुळे रक्तदाब आणि पाण्याचा समतोल यांवर कायम लक्ष ठेवावं लागतं. तिच्यातून स्रवणारं एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशी बनवायला लावणारं संप्रेरक, माणसाच्या अस्थिमज्जेला पुरेल याचीही खात्री धरता येत नाही. डुकराचं शरीरशास्त्र ज्याने मनापासून वाचलंय, त्याला हे प्रश्न लगेच सुचतात.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो तुला कुठेही वाचायला मिळेल. 1963-64 मध्ये न्यू ऑर्लिन्सला कीथ रीम्ट्समा यांनी 13 रुग्णांना चिंपांझीच्या किडन्या बसवल्या. बहुतेकांचं काही आठवड्यांत संपलं, पण एक शिक्षिका 9 महिने जगली. तेव्हा डायलिसिस आजच्यासारखं गल्लोगल्ली नव्हतं, हे लक्षात ठेवूनच त्या निर्णयांकडे बघ. 1984 मध्ये कॅलिफोर्नियात बबून माकडाचं हृदय बसवलेली नवजात मुलगी सुमारे तीन आठवडे जगली. मग हळूहळू सगळे माकडांपासून दूर झाले. माकडं सावकाश वाढतात, त्यांची संख्या आधीच घटलेली आहे, आणि ती आपल्या जितकी जवळची, तितके त्यांचे विषाणू आपल्यात सहज रुजतात. एचआयव्हीचं मूळ चिंपांझीतल्या विषाणूत आहे, हे तुला माहीत आहे. डुकरीण 114 दिवसांत विते, एका वेताला आठ-दहा पिल्लं देते, आणि पिल्लांचे अवयव काही महिन्यांत माणसाच्या मापाचे होतात.

अडचण होती ती एका साखरेची. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते. माणसात ती नसते, पण आपल्या आतड्यातल्या जिवाणूंवर असते, म्हणून तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आपल्या रक्तात लहानपणापासून तयारच असतात. डुकराचा साधा अवयव जोडून क्लॅम्प काढला की ही प्रतिपिंडं रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर तुटून पडतात, गुठळ्या होतात, आणि गुलाबी झालेला अवयव काही मिनिटांत, फार तर काही तासांत काळानिळा पडतो. ही साखर बनवणारं जनुक बंद केलेली डुकरं 2002-03 च्या सुमारास जन्माला आली आणि तिथून या विषयाने वेग घेतला. पुढे क्रिस्पर हे जनुकं नेमकी कापून बदलायचं तंत्र आलं आणि एकाच जनावरात अनेक बदल करणं जमू लागलं.

आता मुद्द्यावर येते. 7 जानेवारी 2022 ला मेरीलँड विद्यापीठात बार्टली ग्रिफिथ आणि मुहम्मद मोहिउद्दीन यांच्या चमूने 57 वर्षांच्या एका माणसाला डुकराचं हृदय बसवलं. त्या डुकरात 10 जनुकीय बदल होते: डुकराची चार जनुकं बंद केलेली, माणसाची सहा घातलेली. बंद केलेल्यांत वाढीच्या संप्रेरकाच्या ग्राहकाचं जनुकही होतं, नाहीतर हृदय छातीत मावेनासं होईपर्यंत वाढलं असतं. कित्येक आठवडे ते हृदय उत्तम चाललं. मग ते कडक होत गेलं, आणि 8 मार्चला तो माणूस गेला. त्याच्या रक्तात डुकराचा सायटोमेगॅलोव्हायरस सापडला. जनावराची तपासणी झाली होती, नाकातला स्वॅब निगेटिव्ह होता. पण हा विषाणू हर्पिसच्या कुळातला. तो ऊतींत दडून बसतो, नाकात दर वेळी सापडत नाही. मृत्यूचं एकच कारण तिथे सांगता येत नाही, इतर कारणंही चर्चेत आहेत. पण संभाव्य कारणांत हा विषाणू आहे असं त्या चमूने स्वतः मांडलं, आणि लपवाछपवी न करता मांडलं. त्यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

हा धोका अनपेक्षितही नव्हता. म्युनिकला बबूनांवर डुकराच्या हृदयाचे प्रयोग होत होते. 2018 मध्ये तिथे एक बबून 195 दिवस जगल्याचं प्रसिद्ध झालं. त्याच गटाने नंतर दाखवलं, की देणाऱ्या डुकरात हा विषाणू असला तर हृदय काही आठवड्यांतच निकामी होतं. म्हणजे इशारा छापून आलेला होता. प्रश्न होता तो निरोगी दिसणाऱ्या जनावरातला दडलेला विषाणू कुठे आणि कशाने शोधायचा, हा. फक्त स्वॅब की प्रतिपिंडांची चाचणीही? कोणत्या वयात? पिल्लाने आईचा चीक प्यायला असेल तर सापडलेली प्रतिपिंडं त्याची की आईची? बाळ, हे प्रश्न तू परीक्षेत सोडवलेले आहेस. गोठ्यातल्या ब्रुसेला जिवाणूपासून शेळ्या-मेंढ्यांच्या कळपातल्या पीपीआर या विषाणूजन्य रोगापर्यंत आपण रोज हेच करतो. ‘निगेटिव्ह’ असा शिक्का मारताना तो कोणत्या नमुन्यावर, कोणत्या चाचणीने आणि कोणत्या दिवशी मारला, हे लिहायची सवय आपल्याला लावलेली असते.

हा विषाणू कळपातून काढताही येतो. पिल्लं सिझेरियनने काढायची किंवा अगदी लवकर आईपासून तोडायची, निर्जंतुक खोलीत बाटलीवर वाढवायची. हे सगळं पशुवैद्यकच करतो. बदल केलेलं जनुक किती सुरेख आहे, यावर मोठमोठे लेख येतात. चीक न मिळालेलं पिल्लू पहिला आठवडा कसं तगवायचं, यावर फार थोडं लिहिलं जातं, आणि त्याशिवाय पुढचं काही होत नाही.

या कामाचा पल्ला किती लांब आहे तेही बघ. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने 2001 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अवयव घेणाऱ्याची आयुष्यभर तपासणी ठेवायची, आणि देणाऱ्या जनावराचे नमुने व नोंदी 50 वर्षं जपायच्या. आज गोठवलेली सीरमची कुपी उद्या तुझा नातू उघडेल, इतका हा काळ आहे. रजिस्टर नीट लिहिणाऱ्या माणसाची किंमत तिथे कळते. तुझं अक्षर चांगलं आहे, नोंदी तपशिलात असतात, हे मी तुझ्या पोस्टमॉर्टेम रिपोर्टांवरून सांगतेय.

पुण्यात बसून हे शिकता येतं का, असं तू विचारलंयस. मला तर वाटतं, पुण्याइतकी चांगली जागा शोधूनही मिळायची नाही. 2009 च्या ऑगस्टमध्ये तू लहान होतास. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू आपल्या शहरात झाला, एका शाळकरी मुलीचा. नायडू हॉस्पिटलबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांच्या रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, रस्ते ओस पडले. डुक्कर, पक्षी आणि माणूस यांच्या फ्लूंचे तुकडे एकत्र येऊन तो विषाणू घडला होता. नमुने तपासले जात होते ते इथेच, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत. एका प्राण्याचा विषाणू दुसऱ्यात गेला की काय होतं, हे या शहराने सोसलेलं आहे. मलेशियात 1998-99 मध्ये निपा वटवाघळांतून डुकरांत आणि डुकरांतून माणसांत आला, शंभरावर माणसं दगावली आणि दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. प्रत्यारोपणात तर त्वचा, नाक, पोट हे सगळे पहारे ओलांडून जिवंत अवयव थेट रक्तात जोडायचा, आणि वर माणसाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवायची. त्यामुळे इथे एका रुग्णाचा धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही, तो त्याच्या घराचा आणि गावाचाही होतो. डुकराच्या जनुकसंचातच मुरलेले पर्व्ह नावाचे रेट्रोव्हायरस आहेत, ते कितीही स्वच्छ ठेवून जात नाहीत. बोस्टनला मार्च 2024 मध्ये जी किडनी बसवली, त्या डुकरातल्या 69 बदलांपैकी 59 बदल हे विषाणू निकामी करण्यासाठीच होते.

तो बोस्टनचा रुग्ण सुमारे दोन महिन्यांनी हृदयविकाराने गेला. त्यानंतर न्यूयॉर्कला एका बाईंची किडनी 130 दिवस चालली, आणि 2025 च्या जानेवारीत बोस्टनलाच बसवलेली एक किडनी 271 दिवस. दोन्ही शेवटी काढाव्या लागल्या, माणसं पुन्हा डायलिसिसवर गेली. 2025 मध्ये अमेरिकेत रीतसर ट्रायलला परवानगी मिळाली. आकडे वाढतायत हे खरं, पण ‘प्रश्न सुटला’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे आकडे दाखव.

आपल्या देशाचाही यात एक अध्याय आहे, आणि तो तुला माहीत असायला हवा. 1997 च्या जानेवारीत गुवाहाटीजवळ सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी 32 वर्षांच्या एका माणसात डुकराचं हृदय बसवलं. तो माणूस सात दिवस जगला. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्याखाली डॉक्टरांना अटक झाली, 40 दिवस ते तुरुंगात होते. 2022 नंतर ‘ते काळाच्या पुढे होते’ असं बरंच छापून आलं. मला हे कौतुक पटत नाही. 1997 मध्ये अल्फा-गॅल बंद केलेलं डुक्करच जगात नव्हतं. इतरांना तपासून बघता येईल अशी त्या शस्त्रक्रियेची सविस्तर शास्त्रीय नोंद मला आजवर वाचायला मिळालेली नाही. धाडस कुणीही करतं, आणि रुग्ण जिवावर उदार झालेला असेल तर तो हो म्हणतोच. म्हणून तर परवानगी, नैतिक समिती आणि उघडी नोंद लागते. तू कधी या देशात असं काम सुरू केलंस, तर कागद आधी आणि सुरी नंतर, ही माझी अट समज.

आता माणसांबद्दल. तू अजून एकदाही डायलिसिस युनिटमध्ये पूर्ण शिफ्ट बसलेला नाहीस, हे तुझ्या मेलवरून दिसतं. तू ‘अवयवांची टंचाई’ असं लिहितोस. एखाद्या ओळखीच्या डॉक्टरांची परवानगी काढ आणि चार तास बस. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी धमनीला जोडून घेतलेल्या, फुगलेल्या शिरेत दोन जाड सुया, यंत्राची घरघर, पाण्याचा प्रत्येक घोट मोजणारी माणसं, शेवटच्या तासात पायात येणारे गोळे, बाहेर बाकावर डबा घेऊन बसलेली बायको. आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं. आणि किडनी देणारं कोण असतं ते विचार. आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकांकडून येतात, आणि देणाऱ्यांत बायका जास्त असतात. आई देते, बायको देते, बहीण देते. घेणाऱ्यांत मात्र पुरुष जास्त. घरात कुणी जबरदस्ती केलेली नसते, तरी ‘तूच दे’ हे न बोलता ठरलेलं असतं. मला या संशोधनाची ओढ आहे ती मुख्यतः यासाठी. एखाद्या चाळिशीतल्या बाईला आपल्या पोटावर चीर न घेता नवरा वाचवता आला, तर मला ते हवं आहे.

पण त्या दिवसाची वाट बघत आजचं अवयवदान कुणी ढिलं सोडू नये. मेंदूमृत दात्याकडून मिळणारी एक किडनी आज, या क्षणी, डुकराच्या किडनीपेक्षा कितीतरी भरवशाची आहे. पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, यादीत माणसं थांबलेली आहेत. भाषण दिलंस कुठे, तर हे आधी सांग.

तुझ्या आईला डुकराचं नाव काढलेलं आवडत नाही, हेही लिहिलंयस. त्यावर वाद घालू नकोस. त्यांना एवढंच सांग की डायलिसिसच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून घालतात ते हेपॅरिन बहुतांशी डुकराच्या आतड्यापासून बनतं, आणि डुकराची हृदयझडप गेली कित्येक दशकं माणसांत बसवतात. झडपेवर ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाची प्रक्रिया करतात, तिच्यात जिवंत पेशी उरत नाहीत, म्हणून ती टिकते. जिवंत किडनीचा मामला वेगळा. रुग्णाने मात्र विचारलं तर खरं तेच सांगायचं. गळ्यात तुळशीची माळ असलेला वारकरी असो की मुसलमान आजोबा, आपल्या शरीरात काय जातंय हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे, आणि नको म्हटलं तर त्यांना अडाणी समजायचं नाही.

शेवटी डुक्कर. यावर तू एक ओळही लिहिली नाहीस, आणि तूच लिहायला हवी होतीस, कारण या सगळ्यात त्याच्या बाजूचा डॉक्टर तू आहेस. हुशार जनावर आहे ते. नाकाने माती उकरणं, चिखलात लोळणं, कळपात अंगाला अंग लावून झोपणं, हे त्याचं जगणं. अवयवासाठी वाढवलेलं डुक्कर आईवेगळं जन्मतं, गाळलेल्या हवेत वाढतं, आयुष्यात मातीला नाक लावत नाही, आणि एका सकाळी भूल देऊन संपतं. मी या संशोधनाच्या बाजूने आहे, तरीही हे मला बोचतं, आणि ते तुलाही बोचत राहावं असं मला वाटतं. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि प्राण्यांवरील प्रयोगांची समिती ही किमान पातळी झाली. तिच्या वर काय करता येईल ते तू बघायचंस. निर्जंतुक करून का होईना, उकरायला पेंढा दे, चघळायला दोर दे, पिल्लं एकेकटी ठेवू नकोस. शेवटच्या दिवशी ओळखीचा माणूस जवळ असेल असं बघ. घाबरलेल्या जनावराच्या शरीरात काय काय उसळतं, हे शिकलायस तू. अवयवासाठीही ते चांगलं नाही.

तर मग पुढे काय करायचं. परदेशातल्या अर्जांची घाई या वर्षी करू नकोस. तू गाई-म्हशी आणि कुत्री भरपूर हाताळलीस, डुकराची प्रॅक्टिकल्स मात्र तुम्ही सगळ्यांनी उरकली होती. गुवाहाटीजवळ राणी इथे आयसीएआरचं, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेचं, वराह संशोधन केंद्र आहे, तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी कर. वितं कसं, पिल्लू कसं धरतात, कानाच्या शिरेतून रक्त कसं काढतात, हे हाताला बसू दे. परत आलास की औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेत एलायझा (प्रतिपिंडांची चाचणी) आणि पीसीआर (विषाणूच्या जनुकांची चाचणी) यांवर काही महिने काढ, मी तिथे शब्द टाकते. पदव्युत्तरसाठी सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पॅथॉलॉजी घे. जनुकांचं तंत्र त्यानंतर कुठेही शिकता येतं, आणि तोवर त्या प्रयोगशाळांना तुझी गरज जास्त असेल. दरम्यान डुकराच्या सायटोमेगॅलोव्हायरसवरचे म्युनिकचे निबंध मिळवून वाच आणि कोणत्या वयाच्या जनावराचा कोणता नमुना त्यांनी तपासला, याचा एक तक्ता कर.

तक्ता झाला की घेऊन ये. शनिवारी सकाळी मी घरीच असते. आईलाही सोबत आण, त्यांच्याशी मी बोलेन.

तुझी,
मॅडम